लाल सोडून कोणतीही

ती. स्व. साडूभाऊंस,

साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी कंबर सध्या संपावर असल्यामुळे उरलेल्या सात अंगांनी घातला आहे, गोड मानून घ्यावा.) इकडे आम्ही दोघं मजेत आहोत. तुमच्याकडेही तसंच असणार असं धरून चालतो, कारण तुमच्या मागच्या पत्रात प्रकृतीबद्दल दोन ओळी आणि नव्या गाडीबद्दल साडेतीन पानं होती. गुडघा कसा आहे? ताईंचा आवाज बसला होता, तो उठला का? माईंना नमस्कार सांगा, जरा मोठ्यानं सांगा. आणि हो, तुमच्या जुन्या गाडीची ती दुसरी किल्ली सापडली का? गाडी देऊन टाकून चार महिने झाले तरी तुम्ही किल्ली शोधताय, आणि ती माईंनीच औषधांच्या डब्यात टाकून हरवली म्हणून त्यांच्याशी अबोला धरलाय, हे वाचून मला वाईट वाटलं. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे तुमचा अबोला त्यांच्या लक्षात आला नसेल ही गोष्ट वेगळी. पण एक्क्याऐंशी वर्षांच्या आईवर असा आळ घेणं बरं नाही.

पत्रास कारण की, आम्ही गाडी घेतली.

हे वाक्य मुद्दाम वेगळ्या ओळीत लिहिलंय, म्हणजे ताईंना हाक मारून वाचून दाखवणं सोपं जाईल. गेल्या वर्षी तुम्ही तुमची डाळिंबी गाडी मला घरच्या भावात देऊ केली होतीत आणि मी एक उत्तर लिहिलं होतं, ते आठवत असेलच. (आठवत नसेल तर कृपया शोधत बसू नका.) साडूची उतरलेली गाडी दारात उभी करायची वेळ आमच्यावर अजून आलेली नाही, असं काहीसं मी त्यात लिहिलं होतं. त्यामागे राग नव्हता, साडूभाऊ. सहा वर्षं दर रविवारी फोनवर त्या गाडीचा रंग ऐकून माझे कान किटले होते, एवढंच. उन्हात कशी दिसते, सावलीत कशी दिसते, धुतल्यावर कशी, पुसल्यावर कशी. मी तर ती गाडी डोळ्यांनी पाहिलेलीसुद्धा नाही. (तुम्ही एवढ्या लांब, आणि चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणाऱ्याला रजा म्हणजे स्वतःचे डोळे आले तरच.) ताईंच्या ऑपरेशनच्या वेळी ही दोन महिने तुमच्याकडे राहिली, त्याच गाडीवर तुमच्याकडून शिकली आणि परवाना घेऊन परतली, तेव्हापासून घरात फोनशिवायही तेच सुरू झालं. माणसाला काही स्वाभिमान असतो.

तर गाडी का घेतली ते सांगतो. तुमची मेहुणी अकरा वर्षं ज्या प्रयोगशाळेत रक्त तपासते, त्यांनी शहराबाहेर सव्वीस किलोमीटरवर नवी प्रयोगशाळा काढली आहे आणि तिथं हिला प्रमुख नेमलंय. प्रमुख! हिनं ही बातमी मला भांडी विसळता विसळता सांगितली, आणि तीही अर्धीच, कारण पुढची अर्धी वाईट होती. तिथं नमुने सकाळी साडेसहाला येतात आणि पहिली बस पोचते आठला. एक तारखेला साडेसहाच्या आत हजर झाली तर जागा हिची, नाहीतर ती जाणार त्या सहकाऱ्याला, जो नळ्यांवर चिठ्ठ्या उलट्या चिकटवतो. ही म्हणाली, राहू दे, इथंच काय वाईट आहे. ज्या आवाजात म्हणाली तो मी ओळखतो. दुसऱ्या दिवशी दुकानातून अर्धी रजा काढली आणि हिला घेऊन थेट जुन्या गाड्यांच्या बाजारात गेलो.

तिथले मालक हातात कायम पिसांची झटकणी घेऊन फिरतात. बोलताना गाडी झटकतात, गाडी जवळ नसली तर टेबल झटकतात, तेही नसलं तर गिऱ्हाईक. आम्हाला ‘प्रीमियम कॉम्पॅक्ट हॅचबॅक’ घ्यावी लागेल असं त्यांनी आमच्याकडे बघूनच ओळखलं. प्रीमियम म्हणजे आतलं प्लॅस्टिक हाताला मऊ लागतं, कॉम्पॅक्ट म्हणजे तेच गुडघ्यांना लागतं, आणि हॅचबॅक म्हणजे मागचं दार वर उघडतं, त्यामुळे सामान काढताना डोकं आपटायची सोय होते. (वापरलेली घेतली की निम्मं आपटणं पहिल्या मालकानं उरकलेलं असतं.) मी म्हटलं, गाडी कशीही चालेल, माझी अट एकच. लाल सोडून कोणतीही दाखवा. झटकणीवाल्यांनी पांढरी दाखवली, चंदेरी दाखवली, एक निळी दाखवली जिचं एक दार जरा जास्तच निळं होतं. आणि मग भिंतीकडेला, एका बाजूला उभी असलेली ती मला दिसली. गडद, शांत, शेवाळी रंगाची. मी विचारलं, ती शेवाळी केवढ्याला? झटकणीवाल्यांनी गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, हिच्याकडे पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदाच झटकणी खाली ठेवली. मग म्हणाले, “साहेबांची नजरच वेगळी आहे.”

ही मात्र पुढं झाली. गाडीला एक चक्कर मारली, डाव्या बाजूच्या मागच्या दारापाशी वाकली, खालच्या पत्र्यावरून बोट फिरवलं आणि उठली ती चेहरा नुकता धुतल्यासारखी. “हीच घेऊ,” म्हणाली. साडूभाऊ, बावीस वर्षांच्या संसारात माझी निवड हिनं इतक्या झटकन कधी मान्य केली नव्हती, अगदी टूथब्रशचीसुद्धा. मग आत बसली आणि न बघता हात खाली घालून पेट्रोलचं झाकण उघडलं. डावा आरसा एकदा बटण दाबून हलत नाही, दोनदा दाबावं लागतं असं झटकणीवाले सांगायला गेले, तर हिनं आधीच दोनदा दाबलं होतं. हिला गाड्यांची उपजत जाण आहे हे मला ठाऊकच नव्हतं. मी आधीचा मालक कोण म्हणून विचारलं, तर कळलं, एक वयस्कर आजी. म्हणजे गाडी देवळात ठेवल्यासारखी वापरलेली असणार. मी तिथल्या तिथं विसार दिला.

आता कर्ज. कर्ज देणाऱ्या कंपनीच्या कचेरीत ज्या बाई होत्या त्यांचं नाव पाटीवर लिहिलेलं होतं, पण मी माणसं चष्म्याच्या नंबरानं लक्षात ठेवतो, त्यामुळे माझ्यासाठी त्या ‘उणे साडेपाच’. फ्रेम डावीकडे कललेली होती. मी बसता बसता ती सरळ करून दिली, त्यामुळे आमचे संबंध चांगले सुरू झाले. त्यांनी गाडीचं वय सहा आणि कर्जाचं वय पाच यांची बेरीज केली, बारापर्यंत चालतं म्हणाल्या. मग माझं वय विचारलं आणि ते कशातच न मिळवता पुढचं पान उलटलं. पगाराचे कागद, घराचे कागद, फोटो, पुन्हा फोटो (पहिल्यात मी हसत होतो, कर्जाला चालत नाही). अर्ज तपासण्याचे पैसे वेगळे, ते घेतल्याची पावती देण्याचे वेगळे. सगळं मुकाट्यानं केलं. शेवटी अकरा पानांचा करार पुढे आला आणि त्या म्हणाल्या, इथं, इथं आणि इथं सही.

आणि इथं माझा धंदा आडवा आला. बाकीची माणसं सही करतात. मी खिशातून भिंग काढलं. आमच्याकडे अक्षरांचा तक्ता असतो ना, त्यातली सगळ्यात वरची ओळ मी तेवीस वर्षांत कोणाला वाचायला लावलेली नाही. ती सगळ्यांना दिसते. खरा माणूस कळतो तो खालच्या ओळींत. त्यामुळे मी प्रत्येक पान खालून वर वाचत गेलो. उणे साडेपाचांनी दोन गिऱ्हाइकं उरकली, डबा खाल्ला. आठव्या पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत गाडीचं वर्णन होतं, आणि त्यात लिहिलं होतं, रंग : लाल.

माझ्या अंगात जे संचारलं ते विचारू नका. लाल! म्हणजे दाखवायची शेवाळी आणि कागदावर चढवायची भलतीच लाल. सरळसरळ गाडीची अदलाबदल! मी तिथंच कोरा कागद मागून घेतला आणि दोन पानी हरकत लिहिली. ‘सकृद्दर्शनी फसवणूक’ असा शब्दप्रयोग तीनदा केला. उणे साडेपाच म्हणाल्या, लेखी हरकत आली की फाईल वरच्या मजल्यावर जाते. मी म्हटलं, खुशाल जाऊ दे. ही तेव्हा कामावर होती. संध्याकाळी मोठ्या फुशारकीनं सांगितलं, तर ही पोळपाट बाजूला सारून खालीच बसली. त्या दिवशी एकोणीस तारीख होती. “अहो,” म्हणाली, “वरच्या मजल्यावर गेलेली फाईल एक तारखेच्या आत खाली येते का हो?” पण मी सत्याची बाजू सोडायला तयार नव्हतो.

तेवीस तारखेला सगळ्यांची बैठक भरली. कुठं, तर गाडीभोवती. झटकणीवाले, उणे साडेपाच, ही आणि मी. उणे साडेपाच म्हणाल्या, लाल आहे. मी म्हटलं, शेवाळी आहे. झटकणीवाल्यांची तर दया आली, कारण गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही हा त्यांचा वीस वर्षांचा नेम, आणि इथं गिऱ्हाईक एक म्हणतंय, कर्ज देणाऱ्या बाई दुसरं. ते म्हणाले, लालसर शेवाळी म्हणता येईल. नंतर म्हणाले, शेवाळसर लाल म्हटलं तरी आपली हरकत नाही. मग त्यांनी टपावर झटकणी फिरवायला सुरुवात केली ती थांबेचनात. मी हिच्याकडे पाहिलं. ही अगदी हळू म्हणाली, “अहो, मी अकरा वर्षं रक्त बघतेय. ही लाल आहे.”

मला वाटलं, हिलाही फितवलंय! पण मी तयारीनं आलो होतो. पिशवीतून दुकानातलं ठिपक्यांचं पुस्तक काढलं. (तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगतो : प्रत्येक पानावर रंगीत ठिपके असतात आणि ठिपक्यांत एक आकडा लपलेला असतो. ज्याला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही त्याला आकडा दिसत नाही.) म्हटलं, उणे साडेपाच, आज तुमचीच परीक्षा. त्या धडाधड वाचत गेल्या, सोळाच्या सोळा बरोबर. झटकणीवालेही बरोबर. तेवढ्यात हिनं पुस्तक हातात घेतलं. तेवीस वर्षं वापरून त्याची शिवण उसवली आहे, पानं सुटी झाली आहेत. हिनं ती पिसली, वरचं पान माझ्यासमोर धरलं आणि म्हणाली, आता तुम्ही.

मी ऐटीत म्हटलं, बारा. दुसरं पान, आठ. तिसरं, एकोणतीस. उणे साडेपाचांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. मग मी पहिल्यांदाच, साडूभाऊ, तेवीस वर्षांत पहिल्यांदाच, त्या पानाकडे नीट पाहिलं. ठिपके होते. नुसते ठिपके. शिकाऊ असताना आमच्या गुरुजींनी सोळा पानांची सोळा उत्तरं क्रमानं पाठ करून घेतली होती, आणि मी वर्गात पहिला आलो होतो. त्यानंतर पुस्तक मी कायम दुसऱ्यांच्या तोंडासमोर धरलं, स्वतःच्या कधी धरलंच नाही. पुढं मध्येच एका पानावर बारा खरोखर दिसला, तर एवढा आनंद झाला म्हणून सांगू! पण ते पान सगळ्यांनाच दिसतं. त्याच्यासाठीच ते पुस्तकात असतं.

खरं सांगतो, त्या घडीला मी घाबरलो. हिनं माझा दंड धरला, आणि पहिल्यांदा कोण हसलं तर मीच. मग उणे साडेपाच हसल्या, आणि झटकणीवाल्यांनी सगळ्यांची परवानगी घेतल्यासारखं हसून घेतलं. हिला म्हणे लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून माहीत होतं. मग सांगितलं का नाही? तर म्हणते, ते पुस्तक दाखवताना तुम्ही इतके खूश असता! त्या दिवसापासून घरात रोज नवीन शोध लागतोय. माझा राखाडी स्वेटर राखाडी नाही. बाजारातून मी नेहमी कच्चे टोमॅटो का आणतो ते आता कळलं. पायमोज्यांबद्दल तर मी चौकशीच बंद केली आहे. आमच्या दुकानाच्या मालकांना सांगितलं, तर ते म्हणाले, नंबर तुम्हीच काढत जा, ठिपके दुसरा दाखवील. म्हणजे पोटापाण्याचं निभावलं.

मी हरकत मागे घेतली, उणे साडेपाच स्वतः जिना चढून फाईल खाली घेऊन आल्या आणि काल कर्ज मंजूर झालं. तीस तारखेला गाडी दारात येईल. तेव्हा कळवायचा मुद्दा असा, की आमची गाडी लाल निघाली हे खरं, पण तुमच्या त्या डाळिंबी गाडीशी तिचा काडीचाही संबंध नाही. स्वतः शोधली, स्वतः पारखली, स्वतःच्या हिमतीवर कर्ज काढलं. साडूची उतरलेली नव्हे! एवढं ताईंनाही वाचून दाखवावं. घरातल्या मोठ्यांना नमस्कार, नव्या गाडीला आशीर्वाद.

आपला नम्र
साडू

ता. क. (दि. २६) पाकीट पुन्हा फोडलं. आज गाडीच्या कागदांच्या प्रती घरी आल्या. मी भिंग घेऊन नेहमीप्रमाणे तळापासून सुरुवात केली, तर ही म्हणाली, “अहो, आज एकदा वरून वाचा.” वरच्या ओळीत, ज्याला चष्मा लागतच नाही अशा टपोऱ्या अक्षरांत, आधीच्या मालकिणीचं नाव आहे. पहिलं नाव मला अनोळखी वाटलं. आडनाव तुमचं आहे. माईंना माई सोडून दुसरं नाव असेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. तुम्ही गाडी त्यांच्या नावावर घेतली होती हे फोनवरच्या सहा वर्षांत तेवढं एकच सांगायचं राहिलं. तुमच्या शोरूमवाल्यानं ती पुढं विकली आणि फिरत फिरत ती माझ्यासाठी इथं येऊन भिंतीकडेला उभी राहिली. डाव्या दाराखालचा ओरखडा म्हणे हिनंच तुमच्या फाटकाला घासून काढला होता, त्यामुळे हिनं पहिल्याच चकरेत ओळखली. घरच्या भावात मिळत होती ती मी बाजारभावानं, व्याजासकट, आणि दोन पानी हरकत लिहून घेतली. आता ताईंना हाक मारायला हरकत नाही. हसून झालं की पुढं वाचा.

ता. क. (दि. २७) पाकीट पुन्हा फोडलं. झटकणीवाल्यांचा फोन आला होता. कर्जाच्या करारात, आठव्याच पानावर पण वरच्या अंगाला, अशी अट आहे की दोन्ही किल्ल्या जमा झाल्याशिवाय गाडी सोडायची नाही. नवीन किल्ली करायला तीन आठवडे लागतात. एक तारीख चार दिवसांवर आली आहे आणि ही काल नव्या जागेसाठी नवा डबा घेऊन आली आहे. साडूभाऊ, पाया पडतो. (कंबर गेली खड्ड्यात, आठही अंगं घ्या.) माईंचा औषधांचा डबा पुन्हा उपडा करा, सोफ्याखाली बघा, आणि किल्ली मिळताक्षणी हाती लागेल त्या माणसाबरोबर पाठवा. मागच्या वर्षीच्या माझ्या त्या पत्राबद्दल तुम्हाला मला जे सुनवायचं असेल ते किल्लीबरोबर पाठवलंत तरी चालेल.

ता. क. (दि. २८) शोधू नका. किल्ली सापडली. हिच्या पर्समध्ये होती. परवाना मिळाल्यावर तुमच्याकडून निघताना खिळ्यावरची उचलली ती परत ठेवलीच नाही, म्हणाली. विसरली नव्हती. ठेवली नाही. तुम्ही गाडी देऊ केलीत तेव्हा हिला वाटलं होतं आता ती आपलीच, आणि तेव्हा मी ते स्वाभिमानाचं पत्र लिहून, पाकिटात घालून, पेटीत टाकायला हिच्याच हातात दिलं. हिनं ते टाकलं. दीड वर्ष किल्ली पर्समध्ये बाळगली आणि मला अवाक्षर बोलली नाही. मला स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता. तुम्ही माईंची आजच्या आज माफी मागा, मोठ्यानं मागा.

ता. क. (दि. १) हे शेवटचं, आता पाकिटाला डिंक लागत नाही. ही आज सकाळी पावणेसहाला गाडी घेऊन निघाली. एकटी. कोपऱ्यावर वळताना हॉर्न वाजवला, दोनदा, आणि शेजारच्यांचा कुत्रा उठला. साडेसहाला पाच मिनिटं कमी असताना फोन आला, पोचले म्हणून. मी अजून फाटकापाशीच होतो. मला जाताना दिसली ती शेवाळी गाडी आणि तिच्यात बसलेली ही. साडूभाऊ, सहा वर्षं मी तुम्हाला रंगावरून दुसऱ्या विषयावर आणत आलो, त्याबद्दल क्षमा असावी. आता या पत्राचं खरं कारण लिहितो. डाळिंबी रंगाच्या गाडीत, कोवळ्या उन्हात ही कशी दिसत असेल, ते सविस्तर लिहून कळवावं. साडेतीन पानं झाली तरी चालतील.